बटण काय वाईट होतं?

...नाही, पण मला एक सांगा, जे यंत्र मी हातात धरून उभी आहे, माझ्या ह्या उजव्या हातात, काडेपेटीएवढं, पांढरं, ते यंत्र ‘सापडले नाही’ कसं काय? मी फोनला दाखवलं हो! अगदी फोनच्या नाकासमोर धरलं, म्हटलं हे बघ, हे इथे, हे! तर फोन म्हणतो, ‘यंत्र सापडले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ प्रयत्न! शनिवार सकाळपासून दुसरं काय करतेय मी? आणि मागून सासूबाईंचा आवाज, शांत, दुपट्यांच्या घड्या घालता घालता... “बटण काय वाईट होतं?”

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही गोंधळाल, आणि एका गोष्टीत एक गोंधळलेली बाई पुरे.

झालं असं, की सोमवारपासून मी पुन्हा कामावर जाणार. बाळंतपणाची रजा संपली. मुलगी नऊ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, म्हणजे घरातली जी वस्तू तुम्हाला दिसत नाही ती तिच्या तोंडात आहे असं समजायचं. तिला दिवसभर सांभाळणार सासूबाई. त्यांनी दोन मुलं वाढवलीत, त्यातलं एक मी चार वर्षं रोज बघतेय, तसं बरं झालंय, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण माझं मन! मागच्या महिन्यात छोटीला ताप येऊन गेला तेव्हा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, “खोली फार गार नको, फार गरम नको हं.” झालं! आता फार म्हणजे किती? त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि तेव्हापासून मी दिवसातून वीस वेळा त्या खोलीच्या दारात उभी राहून हवा चाखतेय. म्हणून म्हटलं, तापमान मोजणारा सेन्सर लावू. मी कामावर, आकडा फोनवर, जीव भांड्यात. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मी आहे ना?” मी म्हटलं, “तसं नाही हो आई, तुमच्यावर लक्ष ठेवायला थोडाच लावतेय!” आणि खरंच तसं नव्हतं. म्हणजे... थोडंसं होतं.

गेले दुकानात. दुकानदार म्हणजे काय सांगू, तोंडात साखर आणि हातात खोकं. “मॅडम, मॅटरवालंच घ्या. पूर्वी कसं, ह्या कंपनीचा दिवा त्या कंपनीच्या हबशी बोलायचा नाही. आता मॅटर म्हणजे सगळ्यांची भाषा एक! आणि आत थ्रेड. थ्रेड म्हणजे सगळी यंत्रं एकमेकांना धरून राहतात.” मी मान डोलावली. माझं असं आहे, जितकं कमी कळतं तितकी मान जास्त हलते, आणि मान हलली की समोरचा आणखी एक खोकं काढतो. एक सेन्सर घ्यायला गेलेली बाई घरी आली ती सेन्सर, सगळ्यांना फोनशी जोडणारा बशीएवढा पांढरा हब आणि पॅसेजमध्ये लावायला एक दिवा घेऊन. “दिवा कशाला?” विचारलं मी, नाही असं नाही. “लागतो, मॅडम.” मान!

नवरा म्हणाला, “हात्तिच्या! दोन मिनिटांचं काम.” शुक्रवारी संध्याकाळी बसला दोन मिनिटं, त्यात चहा थंड झाला, जेवण थंड झालं, शेवटी तोही थंड झाला, म्हणाला, “झालंय जवळजवळ,” आणि शनिवारी सकाळी कामाच्या दौऱ्यावर निघून गेला. ‘जवळजवळ’ हा शब्द कुणा नवऱ्यानेच शोधून काढला असणार. बाई म्हणाली असती, “नाही झालं.”

आता तुम्हाला सांगते, मी काही अडाणी नाही. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नळीवरचा कोड स्कॅन कर, नळी यंत्रात ठेव, पुढची घे, असे दिवसाला दोन-तीनशे कोड. आजवर एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही! तर म्हटलं, घरातले तीन कोड ते काय... दिव्याचा कोड स्कॅन केला, आणि फोन म्हणतो, ‘हे यंत्र आधीच दुसऱ्या घराशी जोडलेले आहे.’

दुसऱ्या घराशी? कुणाच्या? दुकानदाराने वापरलेला दिवा गळ्यात मारला? कुठल्या तरी अनोळखी घरात कुणी दिवा मालवला की आमच्या पॅसेजमध्ये अंधार होणार? लावला नवऱ्याला फोन. तो मीटिंगमध्ये, कुजबुजत, “अगं, दुसरं घर म्हणजे आपलंच. माझ्या फोनमधलं.”

“मग माझ्या फोनमध्ये ‘घर’ लिहिलंय ते कुणाचं?”

“ते तुझं. तू नवीन काढलंस बहुतेक.”

“मी कशाला काढू? मी तर तुझ्याच घरात राहते!”

“हो, पण माझ्या घरात मी तुला घेतलेलं नाहीये. म्हणजे ॲपमध्ये गं!”

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंच्या हातातलं दुपटं तिथेच थांबलं. “तुम्ही दोघं वेगळे झालात?” आता ह्यांना काय सांगू? सांगितलं, की आई, घर एकच आहे, पण दोन आहे, दिवा त्याच्याकडे गेलाय आणि सेन्सर माझ्याकडे येणार आहे. ऐकून त्या जास्तच घाबरल्या. “आणि बाळ?”

शेवटी पुस्तिकेत उपाय सापडला. दिवा सगळं विसरला पाहिजे, मग त्याला नव्याने जोडायचा. आणि विसरायला लावायचं कसं? तर भिंतीवरचं बटण पाच वेळा चालू-बंद, चालू-बंद. मी करतेय, टक-टक, टक-टक, मोजताना चुकतेय, परत पहिल्यापासून, छोटी खाली बसून टाळ्या पिटतेय, दिवा डोळे मिचकावतोय, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर असलं समाधान! “पाहिलंस? शेवटी बटणच लागलं ना? मग बटण काय वाईट होतं?”

पण जोडला हं दिवा! हब बैठकीत टीव्हीशेजारी खालच्या फळीवर, दिवा पॅसेजमध्ये, सेन्सर पार टोकाला छोटीच्या खोलीत. आणि फोनवर आकडा आला, तेवीस! मी तो आकडा अशी बघत बसले, जसा काही मुलीचा दहावीचा निकाल. दहा मिनिटं. मग गेला. ‘यंत्र सापडले नाही.’ पुन्हा जोडला, आला, तेवीस, पुन्हा गेला. रविवार सगळा तसाच. बरं, वेळ ठरलेली असावी ना? कधी दहा मिनिटं टिकतो, कधी तासभर, कधी मी वळते न वळते तोच गायब. मी सेल बदलला. सेन्सर खिडकीशी ठेवला, कपाटावर ठेवला. एकदा तर त्याच्याशी गोड बोलून पाहिलं, खोटं कशाला सांगू. मग मला वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकतंय. मला तसं वाटायला फार वेळ लागत नाही. ज्या बाईला एक सेन्सर सांभाळता येत नाही, ती नोकरी आणि मूल सांभाळणार?

लावला मदत केंद्राला फोन. तिकडची मुलगी झोपेत पाठ केल्यासारखी, “मॅडम, आपला सेन्सर हबपासून लांब आहे का? सेन्सरचा निरोप मधला दिवा पुढे पोचवतो. थ्रेड तसंच चालतं. मधला दिवा चालू आहे का?”

“दिवा बंद आहे. दिवसाढवळ्या कशाला लावू?”

“फोनवरून बंद केलाय ना? भिंतीवरचं बटण चालूच पाहिजे हं, मॅडम. दिवा झोपला तरी चालेल, मरता कामा नये.”

बघते तर भिंतीवरचं बटण बंद! मी कुठे केलं? चालू केलं, आणि पॅसेजच्या कोपऱ्यात, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीमागे दबा धरून बसले. सासूबाई छोटीच्या खोलीतून बाहेर आल्या, एका हातात ओले लंगोट, तोंडाने गुणगुणतायत, नजर भलतीकडे, आणि मोकळा हात आपला आपण उठला, भिंतीवर गेला... टक! हातातल्या फोनवर लगेच काही नाही. थोड्या वेळाने, ‘यंत्र सापडले नाही.’

“आई!!”

लंगोट खाली पडले. “अगं, जीव गेला असता माझा! तिथे काय करतेस?”

“तुम्ही बटण बंद केलंत?”

“मी? नाही बाई.” आणि तुम्हाला सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं! खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे त्यांचा हात चाळीस वर्षं करतोय, त्यात त्यांना कुणी विचारतच नाही.

मग त्यांना समजावलं. म्हटलं, आई, सेन्सर दिव्याला सांगतो, दिवा हबला सांगतो, हब मला सांगतो. तर म्हणतात, “म्हणजे आपल्या जिन्यातल्या बायकांसारखं. वरची मधलीला सांगते, मधली मला सांगते. आणि मधली गावाला गेली की मला काही कळतच नाही.” बघा! दोन दिवस मी पुस्तिका वाचतेय, आणि ह्यांना एका वाक्यात थ्रेड कळलं! मग मी बटणावर चिकटपट्टी मारली, आडवी, उभी, तिरकी, वर लिहिलं, ‘हात लावू नये’. सासूबाईंनी वाचलं. हात मात्र जाता-येता वर उठायचा आणि पट्टीवरून मागे फिरायचा, अगदी बिचारा वाटायचा.

सोमवार. प्रयोगशाळेत नळ्या, कोड, आणि खिशात फोन. नऊ वाजता तेवीस. दहाला तेवीस. मी इतकी खूश, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना उगीचच सांगितलं, “तेवीस!” त्या म्हणाल्या, “कुणाची हो साखर?” अकरा वाजता बघते तर... सेन्सर सापडला नाही. दिवा सापडला नाही. हब! हबसुद्धा सापडला नाही! म्हणजे अख्खं घरच गेलं? सासूबाईंना फोन, उचलत नाहीत. दुसरा, नाही. तिसरा, नाही. माझ्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते मी सांगणार नाही, तुम्हालाही मुलं असतील. हातमोजे काढले, पर्स घेतली, दारापर्यंत पोचले तोच चौथा फोन उचलला, आणि इतका हळू आवाज, “ओरडू नकोस गं. आत्ता डोळा लागलाय तिचा.”

“आई, हब! तो पांढरा डबा कुठाय?”

“तो? तो वर कपाटावर टाकलाय मी. खालच्या फळीवर ठेवतं का कुणी? रांगत गेली आणि त्याची वायर तोंडात! मी पदर खोचून धावले म्हणून. आधी भिंतीतून काढला, मग तिच्या तोंडातून.”

मी पर्स खाली ठेवली. म्हणजे मुलगी सुखरूप राहावी म्हणून मी घरात एक वस्तू आणली, आणि मुलीला त्या वस्तूपासून ज्यांनी वाचवलं, त्यांच्यावर... थोडंसं... जाऊ दे.

“बरं केलंत, आई,” म्हटलं. “फक्त खोली कशी आहे तेवढं...”

“बरी आहे. मी सांगत जाईन तुला.”

आणि तेव्हापासून सांगतायत! दर तासाला फोन. “खोली बरी आहे.” आकडा? “आकडा कशाला? मला घाम नाही, तिचे पाय गार नाहीत.” पुढचा फोन, “खोली बरी आहे, शी झाली.” पुढचा, “खोली बरी आहे, तू जेवलीस का?” मी हातात नळी धरलेली, साहेब समोर उभे, फोन वाजतोय! ना कोड, ना हब, ना मधला दिवा; सासूबाई लग्नात एकदा जोडल्या त्या जोडल्या, एकदाही असं झालं नाही की सापडल्या नाहीत.

काल तर संध्याकाळपर्यंत आठ वेळा. हे बंद करायला मी सगळ्या सेटिंग शोधल्या, फोनच्याही आणि त्यांच्याही. आणि नवव्यांदा फोन वाजला तेव्हा, खरं सांगते, पहिल्यांदाच मनातून पटलं...

एखादं बटण काय वाईट होतं?