पेनड्राइव्हमधली घंटा

—नाही, त्या खुर्चीवर नको, साहेब. ती ह्यांची. तुम्ही कॉटवर बसा. बसा म्हणते ना, पाळक घरी आलेत आणि दारातच उभे, बरं दिसत नाही ते. झगा न्यायला आलात, माहीत आहे मला. पाळकबाईंचा फोन आला होता सकाळी – साळूबाई मावशी, झग्याला इस्त्री झाली असेल तर साहेब येतील घ्यायला, तीन महिन्यांनी रविवारची उपासना घेतायत ना. आणि मग जरा थांबून – मावशी, काकांचं ऐकून फार वाईट वाटलं हो. आणि लगेच – खळ मात्र कमी घाला, मागच्या वेळी साहेबांची मान काचली होती. म्हटलं, घालते कमी.

काळे झालात की. समुद्राचं ऊन असतंच तसं. नाही नाही, प्रवासाचं काही सांगू नका, मला सगळं पाठ आहे. रोज सकाळी सहाला यायचं ना तुमचं मनन ग्रुपवर, फोटोसकट. केरळात शहाळं पिताना देव कसा भेटला. होडीत बसल्यावर मनाचं ओझं कसं उतरलं. मग ते विमान, ते यरुशलेम, ते जैतुनाचं झाड – त्याला मिठी मारून उभे होतात, कुणी काढला हो तो फोटो? एकटेच गेला होतात म्हणे चिंतनाला. मंडळीतले सगळे खाली आमेन, आमेन, हात जोडलेले. मी पण जोडले सुरुवातीला. खोटं कशाला बोलू, पहिला महिना मी ते ह्यांना मोठ्यानं लावून दाखवायचे. ह्यांना दिसत नव्हतं ना. साखरेनं दोन्ही डोळे नेले, मागच्या नाताळापासून अंधारच होता. ऐकायचे आणि म्हणायचे, बरं बोलतो माणूस. घरी कधी येतोय विचार.

चहा ठेवत नाहीये मी, वाट बघू नका.

तुम्हाला वाटत असेल म्हातारी तोडून बोलते. बोलते. चाळीस वर्षं ह्या माणसानं त्या देवळाची घंटा वाजवली, साहेब. तुमच्या आधीचे पाच पाळक आले आणि गेले, घंटा ह्यांचीच. ह्यांना शांतवन ह्या नावानं विचारलं तर कुणाला कळायचं नाही, घंटेवाला म्हटलं की थेट रिक्षावाला आमच्या दारात आणून सोडायचा. लग्नाची वेगळी, मयताची वेगळी – मयताची वाजवताना मध्ये दम किती धरायचा ते माणूस किती वयाचा गेला त्यावर ठरायचं. कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग तुम्ही आलात. एका रविवारी घंटा सात मिनिटं उशिरा झाली, एका रविवारी. हात थरथरत होता, दोर सुटला. तुम्ही कमिटी बसवली. मनोऱ्याला भेग आहे, दोर जीर्ण झालाय, जबाबदारी कोण घेणार – आणि पुढच्या महिन्यात वर दोन भोंगे आणि ऑफिसात पेनड्राइव्ह. बटण दाबलं की टण, रविवारी उपासनेला आणि रोज दुपारी बाराला, तेच तीन टोले. ह्यांना शाल दिलीत. काका, आता विश्रांती घ्या. – हेच शब्द होते ना तुमचे? मला त्या दिवशी आठवले, तुमच्या रजेची नोटीस वाचताना. पाळकसाहेब तीन महिने विश्रांती घेत आहेत. म्हटलं, वा, सगळ्यांनाच देतात हे विश्रांती.

सहा वर्षं ह्यांनी प्रभुभोजन, तुमच्या हातची ती भाकर आणि द्राक्षाचा रस, घेतलं नाही. तुम्हाला वाटलं रुसलाय म्हातारा, येईल. नाही आला. यंत्रानं बोलावलेल्या जेवणाला मी जाणार नाही, म्हणायचे. पेनड्राइव्ह वाजला की उठून आतल्या खोलीत जायचे. शेवटी तेच म्हणाले, ईस्टरच्या आधी – साहेबांना बोलाव. ज्याच्याशी वैर धरलं त्याच्याच हातून घेतो आणि मोकळा होतो. मी तीनदा आले तुमच्याकडे. तीनदा. एकदा तुम्ही सूटकेस बघत होतात. आलो की पहिलं तुमच्याकडे, मावशी. पहिलं. चौथी गल्ली, साहेब, स्कूटरला किक मारली तर दोन मिनिटं.

विंचूरचे पाळक? त्यांचं नाव घेऊ नका. दोन मंडळ्या सांभाळून मोटरसायकलवर रविवारचे येत होते बिचारे, दफनालाही तेच धावत आले. पण ह्यांना ते नको होते. भांडण त्यांच्याशी नव्हतं.

बुधवार होता. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या आता. मी तुम्हाला फोन लावला. अकरा वेळा लावला. मग हर्षाली, शेजारची, तिनं ग्रुप बघून सांगितलं – मावशी, साहेबांनी दहा दिवस मौन धरलंय, फोन बंद आहे, शांततेत देव बोलतो असं लिहिलंय. इकडे हे विचारतायत, आले का? मी म्हटलं, निघालेत. तासाभरानं परत, आले का? मी म्हटलं, द्वारका चौकापर्यंत आलेत. तोंडातून निघून गेलं, साहेब. आता द्वारकेपर्यंत आलेला माणूस घरी आणायला नको?

ह्यांनी प्रभुभोजन घेतलं. हो, ह्याच कॉटवर. तुमच्याच आवाजात.

असे बघू नका. लॉकडाऊनमध्ये तुम्ही उपासनेचे व्हिडिओ करून पाठवायचात ना, त्यातला प्रभुभोजनाचा माझ्या मोबाइलमध्ये होता. द्राक्षाचा रस घरचाच – मार्चात काळी द्राक्षं उकळून मीच करते मंडळीसाठी, एक बाटली उरते. भाकर होती. आणि झगा – हे मी सांगणार नव्हते. झगा इथंच होता, धुऊन वाळलेला. ह्यांना दिसत नव्हतं, पण हात लागला असता तर? मी तो घातला. साडीवरून. तुमचा झगा घालून ह्यांच्या उशाशी उभी राहिले, मोबाइल खिडकीत ठेवला आणि ते बटण दाबलं.

काय लागलं आधी, माहीत आहे? तुम्हाला आठवायचं नाही. घंटा. तुम्ही प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती पेनड्राइव्हमधली घंटा लावायचात. तीन टोले. माझ्या ध्यानातच नव्हतं हो. सहा वर्षं जिच्यापायी हा माणूस आतल्या खोलीत जाऊन बसला ती घंटा मी त्याच्या उशाशी वाजवली. मला बंद करायला सापडेना, त्या झग्याच्या बाह्या एवढ्या लांब, बोटंच बाहेर येईनात. तीन टोले पुरे झाले. मग तुमचा आवाज – प्रिय बंधुभगिनींनो.

तुम्हाला वाटतं ओळखलं नसेल? चाळीस वर्षं कान त्यातच गेलेला. पहिल्याच टोल्याला ओळखलं. चेहरा असा फिरवला भिंतीकडे. मला वाटलं संपलं, मीच नासवलं सगळं. मी तशीच उभी, तुम्ही बोलतच होता, ओळींत उभे राहा, मन तपासा. आणि मग ह्यांनी हात पुढे केला, बाही चाचपली, बाहीतून माझी बोटं शोधून काढली. म्हणाले, साळू, तो आवाज बंद कर. तू दे.

मी दिलं. ते शब्द मला येतात, लहानपणापासून ऐकलेत. मी म्हटले ते. चुकले नाही. रस पाजताना थोडा सांडला तेवढा.

आता तुम्ही शिकलेले आहात, तीन महिने त्या पवित्र जागी फिरून आलात. सांगा. ते प्रभुभोजन पोचलं का ह्यांना? की मी बाईमाणसानं, दुसऱ्याचा झगा घालून – पाच आठवडे डोळ्याला डोळा नाही, साहेब. रात्री वाटतं, त्यांना मी तसंच पाठवलं, उपाशी. आणि सकाळी वाटतं, नाही, शांत झाले होते. तोंडावर दिसत होतं. तुम्ही असता तर मला हे विचारावं लागलं नसतं कुणाला, एवढंच माझं म्हणणं आहे. एवढंच. – नाही, थांबा. पुस्तक काढू नका पिशवीतून. सांगू पण नका. तुमच्या तोंडून हो ऐकलं तरी मला ते नको आहे, आणि नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार उरलेला नाही.

हा घ्या झगा. खळ कमी घातली आहे. उजव्या बाहीवर डाग आहे, हा बघा, द्राक्षाचा. धुता येत नाही असं नाही, लिंबू लावून उन्हात टाकला की जातो, सगळ्या मंडळीचे टेबलक्लॉथ मीच काढते. हा मी धुतला नाही. तेवढा भाग सोडून बाकी सगळा पुन्हा धुतला. रविवारी घालायचा तर असाच घाला. नवा शिवायचा असेल तर हा मला परत आणून द्या.

बारा वाजले वाटतं. ऐका, लागली. एक. – बोलू नका मध्ये. ह्या घरात आता आतल्या खोलीत जायला कुणी नाही. दोन.

तीन.

झाली. दार ओढून घ्या जाताना.