तीर्थासोबत दिलेली गोळी

सर्वांच्या हृदयात वसणाऱ्या श्रीनारायणाची कृपा या सभेवर राहो, आणि मला खरे बोलण्याचे बळ मिळो.

सभाध्यक्ष चंपतराव, व्यासपीठावरील डॉक्टर महोदय, बदली होऊन भैंशाला निघालेल्या सिस्टर तेजस्विनीताई, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेणाऱ्या माझ्या रुग्ण बंधुभगिनींनो,

गौरवपर चार शब्द बोलावेत म्हणून मला बोलावले आहे. चाळीस वर्षे मी बाजारहत्नूरला पुराण सांगतो. गौरवाचे शब्द मजजवळ पुष्कळ आहेत. आज ते जिभेवर येत नाहीत.

माझ्या पत्नीची, जयवंताबाईंची, मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिस सुरू झाले आणि काही महिन्यांत अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, फोड नाही, आतूनच आग. फणीने पाठ ओरबाडून पातळावर रक्ताचे डाग पडत. गावातल्या बायकांनी खरूज समजून सतरंजी दूर ओढली. आणि मी? पोथी वाचताना त्यांच्या बांगड्या वाजतात, श्रोत्यांचे चित्त ढळते, म्हणून मी त्यांना बाहेर ओसरीवर बसवले. "संचित आहे, भोगले पाहिजे, नाम घ्या," असा उपदेशही केला. कोणत्या शास्त्रात हे लिहिले आहे, असे त्यांनी विचारले असते तर मी कोणता श्लोक दाखवला असता?

डॉक्टरांकडे गेलो. एक जण कागदावरून मान वर न करता म्हणाले, "खुजली तो रहती ही है, अम्मा." ते डॉक्टर आज येथे नाहीत. असते तरी मी हेच बोललो असतो.

दीड वर्ष असे गेले. मग डायलिसिसच्या वॉर्डात तेजस्विनीताई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खाटेवर बसून विचारले, "काकू, खाज किती हाय? झोप लागते का?"

"कायची झोप, बाई! भिताडाले पाठ घासून राह्यली मी."

"गोळ्या कवा घेता?"

"सकाळी, उपाशीपोटी. तीर्थासंगं. यायनंच सांगतलं."

ताई माझ्याकडे वळल्या. "काका, हे गोळी जेवणातला फॉस्फरस धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही; रक्तात वाढला का खाज सुटते. पोटात घासच नसला तर ते धरंन काय? तुमच्या देवाचे पाय?"

हसलात? अवश्य हसा. मला ते शक्य झाले नाही. कारण जेवताना घ्यायची गोळी, हे मला आधीच सांगितले होते. मी ऐकले होते, समजलेही होते. तीर्थासोबत दिली तर अधिक गुण येईल, हे माझे पांडित्य. दीड वर्ष मी माझ्या श्रद्धेसाठी त्यांचे अंग सोलू दिले.

ताईंनी गोळी जेवणाच्या ताटाशी आणली. परतीची बस गाठायला आम्ही डायलिसिस संपायच्या अर्धा तास आधीच उठत असू; त्यांनी पूर्ण चार तास बसवले. कोरड्या त्वचेला मलम दिले, डॉक्टरांच्या मागे लागून डायलिसिसनंतरची एक लहान गोळी लिहून घेतली. महिन्याभरात जयवंताबाई झोपू लागल्या. खाज पुरती गेली नाही, पण माणसाला सोसेल इतकी उरली.

मी म्हणालो, "आता आत येऊन बसा, पोथी ऐका." त्या म्हणाल्या, "काऊन? मले ओसरी बरी हाय." आजही ओसरीवरच बसतात. याला औषध नाही, ताई.

कार्यक्रमपत्रिकेत शाल माझ्या हस्ते लिहिली आहे. अध्यक्षमहाराज, हा मान घेण्याचा मला अधिकार नाही. जयवंताबाई, तुम्ही वर याल का?

... या. सावकाश. चंपतराव, जरा हात द्या त्यांना. माझा नको म्हणतात.

घातली शाल. ताईंना जवळ घेतले. माझ्याकडे पाहिले नाही. न्याय झाला.

आपण शांतपणे ऐकलेत, मी ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणे झाले असेल तर वृद्ध म्हणून पोटात घाला. जे घरात केले, त्याची क्षमा मात्र आपल्याकडे मागत नाही, ती आपली नव्हे. हे ऐकणाऱ्या, पुढे कधी वाचणाऱ्या प्रत्येकाला निरोगी काया लाभो, आणि दुखणे आलेच तर विचारणारे कोणी लाभो.