भिंतीवरची रोटी

कुस्कऱ्याचं नाव काढलंस म्हणून सांगते. ब्रिस्टलला माझी हाउसमेट होती दिलनोझा, उझबेक. किचनच्या भिंतीवर तिने एक गोल रोटी टांगलेली, मध्ये नक्षीचे ठसे, वाळून कडकडीत. आई पुण्याहून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने ती उतरवली.

"कुणीतरी चावलीये गं. तेवढा भाग काढते, बाकीचा झकास कुस्करा होईल."

तेवढ्यात दिलनोझा आत आली आणि किंचाळलीच. शांत झाल्यावर मला म्हणाली, "आमच्याकडे लांब जाणारा माणूस रोटीचा एक घास खाऊन निघतो. उरलेली त्याने परत येऊन खायची. नवरा ताश्कंदला गेला आणि व्हिसा अडकला. आठ महिने झाले."

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. आयुष्यात शिळी पोळी वाया न घालवलेली माझी आई! तिने रोटीला हात जोडले आणि होती तिथेच टांगली.

आई पुण्याला परत निघाली त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. तिने गरम पोळीचा एकच घास खाल्ला आणि उरलेली माझ्या हातात दिली.

"फ्रीजरमध्ये ठेव. तुझ्या भिंतींना बुरशी येते."