थकल्या जिवाचे तूच बाळ

बंद म्हणजे? बिघडलाय म्हणा ना. तुम्ही आलात स्पीकरच्या खरखरीसाठी, मला पाळकसाहेबांनी फक्त चर्चचं कुलूप उघडायला पाठवलं — आणि आता म्हणताय, चार नंबरचा माइक ठणठणीत आहे, मशीनवरूनच बंद ठेवलाय? नीट बघा हो. तो माझा माइक आहे. ईस्टरपासून दर रविवारी मी त्यात गातेय.

बरं, बघा तुम्ही, मी बसते. नाहीतरी या टीमचं मला काही नवल राहिलेलं नाही. टीमच म्हणायचं, क्वायर नाही — क्वायर म्हटलं की म्हातारं वाटतं म्हणे. आयुष, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, तो पुढारी. खराडीत कंपनीत असतो, तिथली मीटिंग आणि इथली आराधना यांत त्याला फरक कळत नाही. आम्ही चौघं गाणार, चौघांच्या कानांत बोळे — त्यातून टकटक ऐकू येते, ताल चुकू नये म्हणून. शेजारचा काय गातोय याचा पत्ता नाही. याला एकत्र गाणं म्हणायचं? जुन्या क्वायरमध्ये आमची रतन श्वासाला थांबली की तिची ओळ मी उचलायची, मी थांबले की ती. बघायलासुद्धा लागायचं नाही. शिसारी येते मला, खरं सांगते. देवापुढे उभं राहायचं आणि कान बंद.

आणि तो पडदा. गीतं इंग्रजी अक्षरांत, कारण खडकीत जन्मलेल्या पोरांना मराठी वाचता येत नाही. ओळ काय? ‘थकल्या जिवाचे तूच बळ.’ पडद्यावर बी-ए-एल. झालं, पोरं गायला लागली — ‘थकल्या जिवाचे तूच बाळ.’ डोळे मिटून, हात वर करून. देवाला. मी सरावातच सांगितलं, अरे, बळ, ब आहे तो, बा नव्हे. तर आयुष म्हणाला, काकू, फील महत्त्वाचा. मग मी ठरवलं, हा नाही सुधारत तर मंडळीला तरी बरोबर ऐकू जाऊ दे. त्या ओळीला माइक तोंडाशी धरून दणदणीत गायचे — बळ, बळ. तरी अख्ख्या चर्चच्या ओठांवर आपलं बाळ, बाळ. मला त्या सगळ्यांचीच किळस आली. म्हटलं, मेंढरं ती मेंढरं.

रतन तर पहिल्या रांगेत बसते. एवढी जुनी गाणारी, तीही बाळ. बाहेर पडताना मी तिला धरलं, चारचौघांत — ऐकू येत नाही का गं तुला? तर म्हणते, शीला, तुझा आवाज येतच नाही. मला तेव्हा काय कळणार. मला वाटलं, टोमणा मारतेय, माझा गळा गेला म्हणतेय. मीही सोडलं नाही. म्हटलं, माझा गळा शाबूत आहे, तू कान तपासून घे. तेव्हापासून बोलणं नाही. समोरून आली तरी मी मान फिरवते.

काय? चिकटपट्टी लावलीय त्या बटणावर? कुणाचा हात लागून चालू होऊ नये म्हणून — आणि हे आयुषनं तुम्हालाच करायला सांगितलं होतं? थांबा, थांबा, पुन्हा सांगा. काकूंचा आवाज थरथरतो — बरं — पण त्यांना वाईट वाटू नये, म्हणून माइक हातात राहू द्या.

वाईट वाटू नये म्हणून. आणि दर रविवारी गाणं संपलं की हा मला अंगठा दाखवतो. नाइस, काकू. मी हसायचे हो त्याच्याकडे बघून. बंद दांडका हातात धरून हसायचे.

नको, चालू करू नका. तुमच्यावर राग नाही, तुम्ही सांगितलं ते केलंत. पण आवरा आता, मला रतनकडे जायचंय. ती दार उघडेल असं काही नाही, भयंकर मानी बाई आहे. नाही उघडलं तर जिन्यात उभी राहून ओरडेन, तेवढा आवाज आहे मला. उचला त्या वायरी. कुलूप लावायचंय.