काकांनी भुलीत तोडलेला सौदा

आईशप्पथ खरं हाय. म्हणजे, बारा आणे तरी खरं हाय.

आमचे काका जळकोटच्या बाजारात बैलांचे दलाल. तिथं भाव तोंडानं सांगत न्हाईत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतेत. भाव पटला की म्हणतेत सौदा तोडला, अन् बैलासंगं त्याचं दावं बी द्यायचं. काकांचा घोरता घोरता श्वासच थांबायचा. नांदेडचा डॉक्टर म्हणला, "भूल देऊन झोपवतो, नाकातून कॅमेरा घालून गळा कुठं बंद होतो ते बघतो. मग ठरवू, ऑपरेशन करायचं का झोपताना मास्क लावायचा." ऑपरेशन म्हणलं की काका चपला शोधायला लागायचे.

काका झोपले, कॅमेरा आत गेला. तेवढ्यात काकांनी हिरव्या चादरीखाली डॉक्टरचा हात धरला अन् बोटं दाबायला लागले. डॉक्टर बी शेतकऱ्याचं पोरगं, त्यानं सवयीनं उलटी दोन दाबली. काकांनी झोपेतच न्हाई म्हणून मान हलवली. मग त्यानं एकच दाबलं. काकांनी हात सोडला, म्हणजे सौदा पटला.

बाहेर येऊन डॉक्टर काकूला म्हणला, "जीभ मागं पडून गळा बंद होतोय. मास्कवर भागतंय."

काका शुद्धीवर आले अन् पहिलं बोलले, "मास्कवर तोडला सौदा. पण दावं संगं पायजे, सांगा त्याला."

नर्स म्हणली, "मास्कचा पट्टा संगंच येतो, काका."

हसलास न्हवं? मग काढ चहाचे पैसे.