सुलोआगा साहेब आणि आजीचे हात

आमच्या अण्णांनी आयुष्यात एकाच साहेबाला जेवायला थांबवलं, आणि तो निघाला स्पॅनिश!

सुप्याला आमच्या कंपनीत मशीन बसवायला आला होता. आडनाव सुलोआगा, उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांतलं. चहा पिताना म्हणाला, "याच आडनावाचा आमच्याकडे मोठा चित्रकार होऊन गेला. माणूस दिसेल तसाच रंगवायचा." मी म्हटलं, "माझे वडीलही पेंटर आहेत." अण्णांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तरी रविवारी त्याला घरी नेलंच, आणि अण्णांना त्या चित्रकाराचंही सांगितलं.

भिंतीवर अण्णांनी काढलेली आजी. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं चित्र काढताना रंग उजळ करतात, गळ्यात नसलेलं सोनं घालतात. अण्णांनी आजी होती तशी काढली. काळी, सुरकुतलेली, ऊस तोडून हातांना भेगा पडलेली. त्यावरून आत्या दोन वर्षं अबोला धरून होती.

साहेब त्या हातांसमोरून हलेचना.

अण्णा मला म्हणाले, "इचार त्याला, त्यांचा पेंटर गरिबाच्या गळ्यात सोनं घालायचा का?"

मी विचारलं. साहेब म्हणाला, "कधीच नाही."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"मग जेवल्याबिगर सोडू नको त्याला. आपल्या भावकीतला हाय."