आठ वाजताचा प्रश्न

एचआयव्हीची औषधं मिळतात त्या खिडकीपाशी नंबर येईस्तोवर मी जप करत बसले होते. पुढ्यात समुपदेशक मॅडम वालूरच्या कडूबाईंचा मोबाईल बघत होत्या.

"मावशी, गोळ्या तर बरोबर संपल्यात. मग ह्या गोळीची आठवण करणाऱ्या ॲपमध्ये रोज 'घेतली नाही' का दाबता?"

"घेते की ताई, आठाच्या ठोक्याला."

"मग 'घेतली' दाबा. डॉक्टरांना वाटायलंय तुम्ही चुकवता. औषध बदलतील."

"तसं दाबलं की त्यो गप बसतोय."

"गप बसायलाच पाहिजे ना!"

"न्हाई दाबलं की अर्ध्या तासानं परत इचारतोय, 'कडूबाई, गोळी घेतली का?'"

"घरी सून आहे ना?"

"हाय की. दारात ताट ठिवून जाती."

मॅडमनी मोबाईल कडूबाईंच्या हातात परत दिला.

"ताई, पहिल्यांदा न्हाई म्हणू द्या. दुसऱ्यांदा इचारलं की खरं सांगते."